स्थळ पडताळणी

"स्थळ पडताळायला आलोय," दारातला टाय लावलेला माणूस म्हणाला आणि आमच्या ढाणकीच्या घरात एकच धांदल उडाली. कापसाचा भाव पडल्यापासून शेतकऱ्याच्या दाराशी स्थळं फिरकत नव्हती. हे तर आपल्या पायांनी चालत आलं होतं. आईनं मला साडी नेसवली आणि पोहे करायला स्वयंपाकघरात ढकललं.

मी धुमसत होते. पुण्यात एका परदेशी बँकेत माझी निवड झाली होती. कुठलीशी तपासणी झाली की ऑर्डर येणार होती. त्याआधीच लग्न ठरलं, तर नोकरीवर पाणीच सोडायचं.

बाहेर शेजारच्या बेबीकाकू मध्यस्थाच्या थाटात बसल्या होत्या.

"प्रेरणा कशी आहे वागायला?" त्या माणसानं विचारलं.

"गाय आहे, गाय!" काकू म्हणाल्या.

"यवतमाळला दोन वर्षं नोकरी केली ना तिनं?"

"छ्या! कोनं सांगतलं तुमाले? उंबरठा नाही ओलांडला पोरीनं."

"नोकरी केलीच नाही?" तो लिहायला लागला.

काकूंचं खोटं मायेचंच होतं. एकटी राहून कमावलेली मुलगी म्हटली की पाहुणे चहाही न संपवता उठायचे. आता बाबाही मान डोलावणार, असं मी धरून चालले. चारचौघांत बाबांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"थांबा बेबीताई," बाबा म्हणाले. "केली नोकरी. एकटी खोली करून राह्यली. मले अभिमान आहे तिचा. तिचं काम सोडवाचं असन, तर पोहे खा अन् राम राम घ्या. मी पोरगी लपवून देत नाही."

पोहे परतायचा सराटा माझ्या हातात तसाच राहिला. मला हे ते कधीच म्हणाले नव्हते.

माणूस गडबडला. "काका, मी लग्नासाठी नाही आलो. आमची सुरक्षा सल्लागार कंपनी आहे, सिंगापूरची. माणूस कामावर घ्यायच्या आधी बँका आमच्याकडून त्याची खात्री करून घेतात. तुम्ही खरं सांगितलंत, नाहीतर तिनं अर्जात लिहिलेलं खोटं ठरून तिची नोकरी गेली असती."

"मंग तुमचं लग्न झालं का?" काकूंनी विचारलंच.

सगळे हसले, आईसुद्धा. मी बाहेर आले. बाबा मात्र माझ्याकडे बघतच राहिले.

"लग्न नाही, तरी जाशीनच ना माय तू," ते म्हणाले.

मुली मांडवात रडतात ते रडणं मी त्या दिवशीच, भर बैठकीत, बाबांच्या गळ्यात पडून रडून घेतलं.