मुलाखतीआधीची टेप

चरित्रकारांनी उभा जन्म एका कादंबरीकाराच्या पायी घालवला. ते गेले आणि त्यांच्या कागदांची खोलीभर खोकी लेकीने संग्रहालयाला देऊन टाकली. "न्या एकदाची ही ब्याद!" म्हणत तिने सही ठोकली होती, वर काय छापलंय ते वाचलंसुद्धा नाही.

आता तीच लेक त्या खोक्यांत डोकं खुपसून बसली होती. यादी करणाऱ्यांना वडिलांचं मुंगीएवढं अक्षर लागेना, म्हणून तिला बोलावलेलं. वाचता वाचता एका चिठ्ठीवर ती अडली. "दर टेपच्या सुरुवातीला यंत्र तपासलं. ही बोलली."

ही म्हणजे आई. या माणसाने जन्मात बायकोचं नाव घेतलं नाही, चिठ्ठीवर तरी कुठून घेणार! आई गेली तेव्हा लेक पाच वर्षांची होती. आईचा चेहरा फोटोत होता. आवाज मात्र कुठेच नव्हता, आठवणीतसुद्धा नाही.

ती तडक टेपांच्या खोलीत गेली. टेपा कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या गृहस्थांना सगळे टेपमास्तर म्हणत. चिठ्ठी वाचून त्यांचा चेहराच उतरला.

"सुरुवातीचं कापलं हो मी. मुलाखत सुरू होते तिथपासून ठेवायचं, असा इथला नियम."

"मग मूळ टेपा द्या."

"बुरशीने खाल्ल्या होत्या. टाकून दिल्या. एकच राहिलीय."

आणि नेमकी ती कादंबरीकाराची शेवटची मुलाखत! फितीवरचा लेप सुटत चाललेला. एकदाच वाजली तर वाजेल, तीही कुठवर ते सांगता येत नव्हतं.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई आल्या. ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मुलाखतीपासूनच लावायची. आधीच्या गप्पांत फीत गेली तर? किती अभ्यासक डोळे लावून बसलेत."

"मग मी काय हवा खात बसलेय?" लेकीचा आवाज चढला. "त्या माणसाने माझा बाप खाल्ला. तुमच्याकडे खोकी भरभरून आहे तो! माझ्या आईचं काय आहे? सांगा ना, काय आहे?"

"तुमच्याच सहीने हे सगळं आमचं झालंय. तुम्हाला विचारायचीही गरज नाही मला."

रडू आवरायला लेक भिंतीकडे बघत राहिली. टेपमास्तर उगाच बटणं पुसत होते. बाईंनी ती चिठ्ठी उचलली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लावा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "काय होईल ते मी निस्तरीन."

खरखर झाली. मग वडील, "हं, बोल."

"काय बोलू?"

लेकीने टेबलाची कड घट्ट धरली. आणि तेवढ्यात कुणी कार्टी कानठळ्या बसतील अशी किंचाळली, "मी बोलते! मी! एक, दोन, तीन, सात..."

कोण ही आगाऊ? मग लक्षात आलं, ही तर तीच, लहानपणची. आई मागे हसत काहीतरी सांगत होती, पण त्या आरडाओरड्यात एक शब्द कळेल तर शपथ.

"गप गं!" लेक यंत्रावरच ओरडली. "गप बस मेले, तिला बोलू दे!"

फीत करकरली. टेपमास्तरांचा हात बटणावर गेला, बाईंनी तो अडवला.

"अगं, उचल तिला," वडील वैतागले. "तुझा आवाज हवाय मला."

आणि मग आई, अगदी जवळून, स्वच्छ, "राहू दे हो. बोलू दे तिला. माझं काय, मी आहेच की रोज."

दाराची बेल वाजली. कुणीतरी आत आलं, खुर्ची सरकली. कादंबरीकार खाकरला, "तर मग" म्हणाला, आणि फितीचा भुगा झाला.

टेपमास्तरांनी कॉम्प्युटरवर बघून हळूच सांगितलं, "तेवढं उतरलंय."

बाईंनी यादीचा कागद पुढे ओढला. "बोलणाऱ्याचं नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं. "ही, असं नाही चालायचं."

लेकीने डोळे पुसले आणि आईचं पूर्ण नाव सांगितलं.