काकांच्या बाजूचा कोपरा

वर्गात आलेख शिकवताना मी मुलांना रोज घसा फोडून सांगते, आधी आडवा आकडा, मग उभा, आणि बिंदू जोडायचे ते ओळीने. पण माझ्या जन्मदात्याला हेच सांगताना जीव मेटाकुटीला आला.

एल जेम गावाजवळची आमची ऑलिव्हची बाग बाबा माझ्या नावावर करणार होते. भावांना घर आणि दुकान, मला बाग. उद्या कचेरीत नकाशा द्यायचा होता. बाबांनी चारी कोपऱ्यांवर फिरून फोनच्या नकाशावर त्या जागेचे दिसतील ते आकडे टिपून आणायचे, मी झाडाखाली बसून आलेख कागदावर बिंदू मांडायचे, एवढंच काम.

पहिल्यांदा त्यांनी कोपरे असे उलटसुलट आणले की रेघा मधोमध एकमेकींना छेदून गेल्या.

"बाबा, ही बाग आहे की आडवं पडलेलं वाळूचं घड्याळ?"

"तू मास्तरीण ना? घे की सरळ करून."

घेतलं. तर चौथा बिंदू थेट रस्त्यापलीकडे, मशिदीच्या अंगणात.

"परत जा."

"गुडघा दुखतोय गं, वसीला. टाक ना अंदाजाने."

अंदाजाने! माझं डोकंच फिरलं. फोन हिसकावला आणि तिजानी काकांच्या बागेला लागून असलेल्या त्या कोपऱ्यावर मीच गेले.

हद्दीचा दगड जागेवर नव्हता. बराच आत, आमच्या बागेत सरकवून वर ताजा चुना फासला होता. जुन्या जागी खड्डा तसाच. मधली झाडं, आजोबांनी लावलेली, काकांकडे गेली होती. म्हणजे माझ्या वाट्यातून.

"तुम्हाला माहीत होतं!" परत येऊन मी ओरडले.

"हळू बोल. तिजानीने आपल्या मुलांकडून सरकवून घेतला. दवाखान्यातून आल्यापासून रोज त्या झाडांखाली बसतो. डॉक्टरांनी आशा सोडलीय. आता भांडू त्याच्याशी?"

"तुमची माया बरी माझ्याच वाट्यातून निघते! दादाच्या दुकानातली एक वीट द्याल का काकांना?"

बाबा खाली बसून गुडघा चोळू लागले.

तेवढ्यात झाडांपलीकडून खोकला ऐकू आला, मागोमाग काकांची हाक. "वसीला, झालं का गं मोजून? ये, चहा केलाय, बदाम घालून!"

मला राग आला होता, दोघांचाही. मी चौथा बिंदू सरकवलेल्या दगडाच्या नव्या जागीच मांडला, चौकोन पुरा केला आणि कागद बाबांच्या मांडीवर टाकला. चहाला मात्र गेले नाही.