पाचव्या घरची लोकर

जिची लेकरं हाताला लागत नाहीत, तिच्या पुढच्या लेकराच्या अंगावर पहिल्यांदा विकतचं काही घालायचं नाही. मागून आणायचं. पाच घरी पदर पसरायचा आणि देणारी जे देईल ते घ्यायचं. हे नको, ते दे, असं म्हणायचं नाही. आणि एकदा एका दारात तोंड उघडलं की ते दार सोडून दुसरं धरायचं नाही. गुरम्माच्या माहेरी ही रीत होती, सासरीही होती. मागून आणलेलं धड कुणा एकाचं नसतं, मग त्याला नजर लागणार कुणाची?

गुरम्माच्या लेकीची, वर्षाराणीची, दोन बाळंतपणं रिकामी गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यातच गेलं. दुसरं जन्मलं, रडलं आणि सकाळ व्हायच्या आत निजलं ते निजलंच. आता तिसऱ्या खेपेला ती माहेरी लातूरला येऊन डाव्या कुशीवर पडून होती. जावई मल्लिकार्जुन अर्धापूरला केळीच्या वखारीत असायचा. फोन करून रोज तेच विचारायचा, "मामी, सगळं बरं हाय ना?" गुरम्मा सांगायची, "हाय." दोघांनाही त्यापुढं बोलायचा धीर व्हायचा नाही.

गुरम्मानं कुंची विणायला घेतली होती. डोकं, कान, मान झाकून पाठीवर उतरणारी, गळ्याशी नाडी बांधायची, आजोळची कुंची. लोकांच्या घरी ती खणाची शिवतात. गुरम्माचा हात सुईदोऱ्यापेक्षा विणायच्या सुयांवर बसलेला होता.

तो बसला भूकंपाच्या साली. गाव आडवं झालं, नवरा ढिगाऱ्यातून निघाला नाही, आणि लहानग्या वर्षाराणीला घेऊन ती पत्र्याच्या शेडात आली, तेव्हा देशभरातून ट्रक भरभरून कपडे येत होते. त्यात ढिगानं जुने स्वेटर. आमच्या मुलखात स्वेटर घालायचा कधी? हिवाळ्याचे चार दिवस, तेही पहाटे. ते स्वेटर शेडांमागं भिजत पडले. मग मदतीला आलेल्या एका बाईनं एक स्वेटर उसवून दाखवला. लोकर ओली करून वाळवली, तिची वळणं गेली, आणि सायकलच्या दोन आऱ्या घासून केलेल्या सुया गुरम्माच्या हातात दिल्या. एक सुलट, एक उलट. तेवढा वेळ डोळ्यापुढं भिंत पडायची थांबायची. गुरम्मानं एवढंच ओळखलं आणि सुया सोडल्या नाहीत.

पुढं भावानं लातुरात जागा घेऊन दिली. शहरात शिकवण्या वाढल्या, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली, तसं गुरम्मानं वर दोन खोल्या बांधून मुली ठेवल्या. तेव्हापासून सकाळी पोळ्या, दुपारी विणणं. लोकर बाजारातली, गुलाबी म्हटलं की ओरडणारी गुलाबी, हातातून सटासट सरकणारी. तिला ना वास ना अंग.

मग नांदेडहून गौसिया आली. लेक तूबाला डॉक्टरीच्या परीक्षेच्या शिकवणीला घातलं होतं. पोरगी एकटी राहायची नाही म्हणून नवऱ्याला, मुज्तबाला, नांदेडच्या दुकानावर सोडून ती दोन वर्षांसाठी वरच्या खोलीत राहायला आली. सामानात भांडी थोडी आणि एक मोठं तांब्याचं पातेलं.

"एवढ्या पातेल्यात बिर्याणी करता काय?" गुरम्मानं विचारलं.

"रंग करते, अक्का," गौसिया म्हणाली. "आमी रंगारी. अब्बा लुगडी रंगवायचे. लुगडी गेली, मी लोकर धरली."

धनगरांच्या नागुबाईकडून ती हातानं कातलेली लोकर घ्यायची आणि गच्चीवर रंगवायची. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, हिरड्यात लोखंड टाकून काळा, पळसाच्या फुलांचा केशरी, मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल. पहिली लड गुरम्माच्या हातात आली तेव्हा तिनं ती आधी हुंगली. मेंढराचा, धुराचा, पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास. सूत कुठं जाड, कुठं बारीक. रंग एके जागी दाट, पुढं गेल्यावर पातळ. विणताना पुढच्या बोटभर अंतरावर काय येणार ते कळायचं नाही, म्हणून सुया खाली ठेववायच्या नाहीत. बाजारची लोकर नुसती हुकूम पाळायची, ही बोलायची. वरच्या मुली अभ्यासाला कंटाळल्या की खाली यायच्या, गुडघ्यांवर लड ताणून धरायच्या आणि गुरम्मा गोळा करायची. गोळा फिरता फिरता एखादी म्हणायची, "आज्जी, पेपर लई अवघड गेला." गुरम्मा म्हणायची, "हात वर धर. लोकर लोंबून राहिली."

वर्षाराणीला आठवा लागला तशी गुरम्मा मागायला निघाली. नागुबाईनं कोकराच्या पहिल्या कातरणीची काळी दिली, लोण्यासारखी. समोरच्या मास्तरीणबाईंनी जुन्या शालीची पांढरी उसवून दिली. गल्लीच्या टोकाच्या पार्वतम्मानं पिवळी दिली, तीही मूळची गौसियाकडचीच. चौथ्या घरी एका म्हातारीनं हातभर निळी काढून दिली आणि वर सुनावलं, "कुंचीला लोकर मागती? टोचंल की लेकराला!"

"आतून जुनेर लावते, आत्या. माझं धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं हाय."

पाचवं घर गौसियाचं. आपल्याच घराचा जिना चढून, आपल्याच भाडेकरणीच्या दारात, गुरम्मानं पदर पुढं केला.

गौसिया हसली, मग रीत ऐकून गंभीर झाली. "लाल देते, अक्का. कपाळावरची पट्टी आन् नाड्या लाल करा. असा लाल की लांबून कळंल, गौसियाचा हाय."

विणताना गुरम्मा गुणगुणायची. ओवी जात्यावरची, पण सुयांनाही चालायची.

*मागते मी लोकर, पाच दारी उभी राहून,*
*लेकीच्या लेकराला कुंची देते गं विणून.*

चार घरांची लोकर चढत चढत कुंची पाठीपासून डोक्यापर्यंत आली आणि लालसाठी थांबली.

त्या लालसाठी गौसियानं जीव ओतला, आणि तिथंच चूक झाली. गच्चीवरच्या नळाला बोअरचं पाणी. भांड्याला पांढरं कीट धरणारं, डाळ शिजू न देणारं. लेकराच्या कुंचीला असलं पाणी नको म्हणून तिनं मुलींच्या पिण्याचे जार वर नेले. गाळलेलं, गोड, काचेसारखं पाणी. तुरटीत भिजवलेली लोकर त्यात मंजिष्ठेबरोबर मंद आचेवर दुपारभर ठेवली. पातेल्यातलं पाणी लाल दिसत होतं. लड बाहेर काढली, धुतली, वाळत घातली, आणि ऊन लागलं तसा रंग उतरत उतरत पपईच्या गरासारखा झाला.

तूबा पुस्तक हातात घेऊनच बघायला आली. "अम्मी, नांदेडच्या आडाला चुना होता. भिंतीवर पांढरं यायचं बघ. जारच्या पाण्यात काहीच नाही."

गौसिया खाली बसली. "हाव की. अब्बा म्हणायचेच, लालला जड पाणी लागतं. मी लाडात येऊन विसरले."

ती लड तिनं पत्र्याच्या पेटीत टाकली. खाली येऊन सांगितलं, "अक्का, रंग फसला. मंजिष्ठा संपली, नांदेडहून मागवते. आठ-पंधरा दिवस थांबा."

"फसला म्हणजे कसा? बघू की."

"दाखवायचा न्हाई. आमच्या घरात फसलेला घाणा कुणाला देत न्हाईत. इकायचा न्हाई, बक्षीस द्यायचा न्हाई. अब्बाची सक्त ताकीद."

देणारीनं देते म्हटलं होतं. घाई करणं म्हणजे मागून वर निवडणं. गुरम्मानं नांदेडच्या मंजिष्ठेची वाट बघितली. कपाळाचे टाके सुईवर उघडे होते. रोज दुपारी ती ते नुसते पुढं-मागं सरकवायची.

मंजिष्ठा आली नाही. त्याआधी वर्षाराणीच्या पायांना सूज आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, वाट बघण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी दाखल करा. वर्षाराणी आईकडं बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, कुंची झाली का गं?"

ही शिकलेली पोर, रीतीभातीला नाक मुरडणारी. तिनं विचारलं तशी गुरम्मा हातातलं टाकून उठली.

उन्हं कलली होती. ती जिना चढली. गौसिया तांदूळ निवडत होती.

"गौसिया, ती पेटीतली लड दे."

"अक्का, न्हाई म्हटलं ना. बाजारची लाल आणा तोवर. मी पैसे—"

"बाजारची चालत न्हाई. दुसरं दार चालत न्हाई. तुझ्या दारात तोंड उघडलंय मी." गुरम्मानं पदर दोन्ही हातांनी धरला. "पोरगी उद्या जाती दवाखान्यात. काळी असू दे, पांढरी असू दे, कशी बी असू दे. मला रंग नको, तुझ्या घरचं पायजे."

"तुमचं खरंय. पण माझ्या बापाचं बी खरंय ना! उद्या चार बाया बघतील, म्हणतील, हे गौसियानं दिलं? लेकराच्या कपाळावर?"

"मग तुमी फसलेल्या घाण्याचं करता तरी काय? टाकता?"

"टाकतंय कोण? माल हाय तो." गौसियानं सूप बाजूला सारलं. "आमीच घालायचो. आमी भावंडं सगळी फसलेल्या रंगात वाढलो. एका बाहीला एक रंग, दुसरीला दुसरा. ईदीला बी. गल्लीतली पोरं वरडायची, रंगाऱ्याची पोरं, डागाची पोरं. अब्बा म्हणायचे, चांगलं गिऱ्हाइकाला, फसलेलं घरच्याला. घरचा माणूस रंगाला नावं ठेवत न्हाई."

बोलता बोलता ती थांबली. गुरम्माच्याही ते ध्यानात आलं. पण मागणाऱ्यानं देणाऱ्याला शिकवायचं नसतं. पदर तेवढा तसाच धरून ठेवला.

तूबा आतून म्हणाली, "अम्मी, मी आज्जीकडं रोज जेवतेय. ती मला बिल देते का?"

"तू पढ गं!" गौसिया तिच्यावर खेकसली. मग उठली, पेटी उघडली, लड काढली. उजेडात धरून एकदा तोंड वाकडं केलं आणि पदरात टाकली. "घरच्या लेकराला देते. गिऱ्हाइकाला न्हाई, पाव्हण्याला न्हाई. ध्यानात ठेवा."

"ठेवते," गुरम्मा म्हणाली. तिला जिना दिसेना. कठडा धरून खाली आली.

पट्टी दवाखान्याच्या बाकावर विणून झाली. एका बाजूला मल्लिकार्जुन, रात्रीच्या गाडीनं आलेला, फोन चालू-बंद करत. दुसऱ्या बाजूला गौसिया, मांडीवर गोळा घेऊन, हवा तसा धागा सोडत. तिनं आयुष्यभर लोकर रंगवली, पण सुईवर टाका कसा चढतो ते इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. "हे असं होतं होय," एकदा पुटपुटली. गुरम्मानं मान हलवली. सुलट, सुलट, उलट. नाड्यांना शेवटची गाठ मारली तरी आतून कुणी बाहेर आलं नाही, म्हणून तिनं आतल्या जुनेराची शिवण पुन्हा एकदा तपासली.

मुलगी झाली. वजनाला कमी, आवाजाला दांडगी. काही दिवस काचेच्या पेटीत होती, दवाखान्याची टोपी घालून. मग दूध ओढायला लागली, अंग धरू लागली, आणि घरी आणताना गुरम्मानं कुंची घातली. काळी, पांढरी, पिवळी, निळी, आणि कपाळावर ती पपईच्या गराची पट्टी. वर्षाराणीनं नाडी स्वतः बांधली, सैल वाटली म्हणून सोडली, पुन्हा बांधली.

बारशाला गल्लीतल्या बाया जमल्या. पाळण्याशी वाकून मास्तरीणबाई म्हणाल्या, "ही कपाळावरची कुणाकडची गं? असा रंग बघितला नाही कधी."

दाराशी तूबाबरोबर उभ्या गौसियाकडं गुरम्मानं बघितलं नाही. बघणं म्हणजे तिला अडचणीत टाकणं. ती सुंठवड्याचं ताट घेऊन पुढं सरकली.

"माझ्याकडची हाय," मागून गौसियाचा आवाज आला, जरा चढाच. "फसलाय रंग. घरातल्या घरात हाय म्हणून दिला." बायांना वाट करायला लावून ती पाळण्यापाशी आली, पोरीच्या भुवईवर उतरलेली पट्टी बोटानं वर सारली, आणि पोरगी जांभई देईपर्यंत तिथंच उभी राहिली.