किटलीवरचा खटला

विजेचं बिल हातात पडलं की दादा आधी चष्मा पुसायचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावायचं, हे त्याचं काम. घरी आला की तीच सवय बिलावर चालायची. या खेपेला त्याने चष्मा दोनदा पुसला.

"ही किटली," तो म्हणाला. "दुसरंतिसरं काही नाही. ही किटलीच आपल्या मुळावर आलीय. उद्यापासून ती माळ्यावर."

ओट्याच्या कोपऱ्यातली किटली गप्प होती. खिडकीशी बसलेले बाबाही गप्प होते. त्यांनी शब्दकोड्यातून मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबली. ते धाकटीने बरोबर टिपलं.

बाबांनी उभी हयात लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर एकदा गॅसवर पातेलं ठेवून ते असेच शब्दकोड्यात रमले. पाणी आटलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं, धूर बघून शेजारी धावत आले. तेव्हापासून बाबा आणि गॅस यांचं बोलणं बंद. मग वहिनीने ही विजेची किटली आणली, पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी. ती माळ्यावर गेली, तर कपभर चहासाठी बाबांना कुणाला तरी हाक मारावी लागणार होती. आणि बाबांचा स्वभाव असा, की हाक मारण्यापेक्षा त्यांनी चहाच सोडला असता.

"मोजून बघू या," धाकटी म्हणाली.

"बोलली आमची मोजपट्टी!" दादा हसला. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नोकरीची वाट बघत बसलेल्या बहिणीला त्यानेच हे नाव ठेवलं होतं. "मोज, खुशाल मोज. पण किटली महाग ठरली तर माळ्यावर. कबूल?"

"कबूल," बाबाच म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. नियम साधा होता: पाणी एकाच बादलीतलं, दर वेळी एक लिटर, आणि सुरुवातीचं तापमान तेच. गॅस किती जळला ते भिंतीवरचा गॅसचा मीटर सांगणार. विजेसाठी तिने प्लगमध्ये बसणारा एक छोटा मीटर मैत्रिणीकडून मागून आणला होता. पातेलं झाकण ठेवून आणि न ठेवता, इंडक्शनची शेगडी, मायक्रोवेव्ह आणि आरोपी किटली, असे सगळे एकामागून एक उकळले. बेकरीत सकाळच्या पाळीला जाणारी वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"एवढ्याशा पाण्यासाठी केवढा हा थाट! लग्नघरात तरी इतकं पाणी तापतं का गं?"

"वहिनी, थर्मामीटर धरा. आणि हसू नका, तो हलतो."

गॅस आणि वीज, दोन्हींचे रुपये मांडून निकाल लागला. झाकण ठेवलेलं पातेलं पहिलं आलं, पण केसभर फरकाने. किटली दुसरी, तिच्या पाठोपाठ इंडक्शन. बिनझाकणाचं पातेलं मागे पडलं, कारण त्याची निम्मी मेहनत खिडकी धूसर करण्यात गेली होती. मायक्रोवेव्ह सगळ्यांत उधळ्या निघाला.

"दुसरी म्हणजे हरलीच की," दादा म्हणाला.

"तू पातेल्यावर झाकण कधी ठेवतोस ते सांग."

"झाकण?" वहिनी म्हणाली. "त्यांना ते कुठे असतं तेही माहीत नाही."

दादाने हा वार झेलला, पण मुद्दा सोडला नाही. "बरं, किटली निर्दोष. मग बिल काय भुताने वाढवलं?"

प्रश्न रास्त होता. रास्त प्रश्न धाकटीला चावायचेच. दुसऱ्या दिवशी तिने तो छोटा मीटर किटलीच्या मागे लावून ठेवला आणि न्याहारीनंतर वाचला. तिने पुन्हा वाचला. बाबांचा चहा एक कप. मीटर म्हणत होता, एका वऱ्हाडाचा चहा झालाय.

म्हणजे दादाचं बरोबर होतं. बाबांची बाजू घ्यायला गेली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्याविरुद्ध पुरावा गोळा करून बसली! मीटरवर एक बटण होतं, दाबलं की आकडा शून्य. तिचं बोट तिथपर्यंत गेलंही. पण खोटा आकडा घशाखाली उतरेना. मुकाट्याने बोट मागे घेऊन तिने ठरवलं, उद्या स्वतःच डोळ्यांत तेल घालून बघायचं.

सकाळी ती पावाचा तुकडा चघळत स्वयंपाकघरात येऊन बसली. बाबांनी किटली काठोकाठ भरली, उकळली, स्वतःपुरता चहा केला. वहिनी आली. "उठलात, बाबा?" म्हणत तिने गॅसवर पातेलं चढवलं, चहा पिऊन आवरायला गेली. बाबांनी किटलीला बोट लावून बघितलं आणि बटण दाबलं. किटली पुन्हा खदखदली. दादा आला. त्यानेही गॅसवर पातेलं ठेवलं, अर्थात झाकण नाहीच. जरा वेळाने बाबांचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"बाबा, तुमचा चहा तर कधीच झाला. हे पाणी कुणासाठी तापतंय?"

बाबा चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले. "तुमच्यासाठीच. तुम्ही प्रत्येक जण वेगळ्या वेळी येता. आलात की गरम पाणी तयार असावं. नोकरीत होतो तेव्हा मी निघायचो आणि तुम्ही झोपलेले. आता घरीच असतो, तर म्हटलं, एवढं तरी."

दादाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगायचं काय त्यात? किटली समोर आहे, तुला डोळे आहेत. लोकांचे तपासतोस ना?"

"मला वाटायचं, ते तुमचं पाणी आहे. तुम्हाला दुसरा कप लागत असेल."

एक बूट पायात आणि एक हातात अशी वहिनी दारात आली. "मी तर मुद्दाम हात लावत नव्हते. म्हटलं, बाबांना परत भरायला उठावं लागेल."

धाकटीला हसू आवरेना. "म्हणजे बाबा सगळ्यांसाठी पाणी उकळणार, तुम्ही त्यांचा मान राखून ते सोडून देणार, आणि तेवढंच पाणी गॅसवर पुन्हा उकळणार! दादा, या घरात पाणी महाग नाही. भीड महाग आहे."

दादाने चष्मा काढून पुसला. समोर बिल नसताना. मग घसा खाकरून म्हणाला, "ते ठीक आहे. पण प्रत्येकासाठी नव्याने तापवणं परवडायचं नाही हां, बाबा."

"एकदाच तापवा," धाकटी म्हणाली, "आणि थर्मासमध्ये ओता. पण तो आणायला..."

"आणायला कशाला?" वहिनीने हातातला बूट खाली टाकला. "बेकरीतून बक्षीस मिळालेला आहे की! चांगला आहे म्हणून काचेच्या कपाटात ठेवलाय."

"घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा," बाबा म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी किटली एकदाच बोलली. बाबांनी थर्मास भरून ओट्यावर मधोमध ठेवला आणि आपल्याला त्याचं काही नाही अशा थाटात ते शब्दकोडं घेऊन बसले. वहिनीने जाताना कप भरून घेतला. धाकटी कोपऱ्यातून बघत होती. बाबांची पेन्सिल एकाच चौकोनावर कितीतरी वेळ अडली होती.

दादा जांभई देत आला. सवयीने त्याने पातेलं उचललं. थांबला. त्याने पातेलं परत जागेवर ठेवलं, थर्मास उघडला, कपात पाणी ओतलं. भस्सकन वाफ आली आणि चष्मा पांढरा झाला.

"चांगलं कडकडीत आहे हो, बाबा," तो आंधळ्यासारखा कप चाचपडत म्हणाला.

बाबांनी मान वर केली नाही. पेन्सिल मात्र सरसर चालू लागली.

"झाकण लाव," ते म्हणाले.