चौकटीवरचे उलटे बाण

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. घरोघरी इंटरनेट पुरवतो तो वेगळा. आमचं नातं फक्त नावापुरतं. मी लाकडाच्या कडा गोल करतो. धरायला दोन मुठी, पोटात मोटर आणि खाली गरगर फिरणारं पातं, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघालो तो एका सुताराच्या हाती पडलो. बावीस वर्षं आम्ही जोडीनं टेबलं, दारं, पाळणे केले. कौतुक टेबलाचं व्हायचं; माझ्यामुळे मात्र लोक कानात बोटं घालायचे. माझं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. त्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवलं, तर मी गुमान काम करतो. त्याच्याच कलानं सरकवलं, तर सुटलेल्या वासरासारखा पळत सुटतो. म्हणून मालक प्रत्येक कडेवर आधी पेन्सिलीनं बाण काढायचे.

मग ते आजारी पडले. चहात मीठ घालू लागले, लेकीला बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. तशातच त्यांनी लेकीच्या आईसाठी आरशाची चौकट जोडली, बाण काढले, आणि कडा तशाच ठेवून गेले. आठ महिने मी खोक्यात धूळ खात पडलो.

एका सकाळी लेकीनं मला बाहेर काढलं. तेवढी चौकट तिला पुरी करायची होती. बाहेरच्या कडेवरचे बाण एका दिशेला, आतल्या कडेवरचे बरोबर उलट.

"एकाच चौकटीवर दोन तऱ्हा. आई, बाबांचं डोकं तेव्हा..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं.

"चहाचं मला सांगू नकोस, तो मीच प्यायले. पण लाकडात ते चुकायचे नाहीत."

"तुला त्यांचं सगळंच बरोबर वाटतं."

"हे त्यांनी ऐकलं असतं तर चक्कर येऊन पडले असते."

लेकीनं आतले बाण पुसले, बाहेरच्याच दिशेनं स्वतःचे काढले. बाहेरची कड लोण्यासारखी उतरली. आत वळवताच मी हातातून पळालो आणि लाकडाचे लचके तोडले. तिनं झटकन बटण बंद केलं, प्लग काढला, पातं बोटानं फिरवून पाहिलं. बाहेरून जाताना लाकूड डाव्या हाताला होतं. आतूनही ते डाव्याच हाताला हवं, तर दिशा उलटणारच.

"आई, बाबा बरोबर होते."

"मग मी काय म्हणत होते?"

"तसं नाही. तेव्हासुद्धा होते."

आई स्टुलावर बसली. म्हणाली, "बाण पुन्हा काढ. ठळक काढ."

पातं जरा खाली घेऊन लेकीनं मला आतून पुन्हा फिरवलं, बाबांच्या बाणांप्रमाणे. लचके गेले, एक बारीकसा राहिला. तिनं पॉलिश पेपर घेतला, तर आईनं हात धरला. "राहू दे. बाकी काम त्यांचं आहेच, तेवढं तुझं."

मित्रांनो, काम झाल्यावर आमचा भुसा झाडत जा, पात्याला हात लावण्याआधी प्लग काढत जा. आणि थकल्या हातानं काढलेली खूण खोडण्याआधी, ती तशी का असेल, हे एकदा लाकडाला विचारून बघा.