देवाचा उजवा

शिवदास गुरवानं तगरीची एक ओली पाकळी भैरीदेवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, दुसरी डाव्या खांद्यावर, आणि पंच्याला हात पुसत तो मागं सरला.

"मास्तर, नीट ध्यान द्या," हरेश्वर नाखवा शेजारी उभ्या असलेल्या दत्तात्रेय मास्तरांना म्हणाला. "उजवा म्हंजे देवाचा उजवा. आपला न्हाय. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय, तवा त्याचा उजवा तो आपला डावा. नवी माणसं इथंच फसतात."

मास्तर घाटावरचे, गावात नवे. त्यांनी मान डोलावली. नाखव्यानं मिशीवरून बोट फिरवलं. तो होडीचा मालक तर होताच, पण देवळाच्या रीतिभातीतही कोळीवाड्यात त्याचाच शब्द शेवटचा. आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

त्याची लेक राही खांबाशी उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. देवाला विचारायचं होतं ते तिच्याबद्दल, आणि ती सोडून सगळा कोळीवाडा त्यावर बोलत होता.

राही मॅट्रिक झाली होती, तीही जिल्ह्यात वरचा नंबर काढून. तिला डॉक्टर व्हायचं होतं. त्याला आधी कॉलेजची दोन वर्षं, आणि मग डॉक्टरकीची कितीतरी. मुंबईच्या एका नामांकित कॉलेजात तिला जागा मिळत होती. त्या कॉलेजच्या मनोऱ्यावर भलंमोठं घड्याळ होतं, म्हणून गावानं त्याचं नाव पाडलं घड्याळवालं कॉलेज. दुसरीकडं घाटावर नुकतंच निघालेलं एक कॉलेज तिला शिष्यवृत्ती द्यायला तयार होतं. फी माफ, राहणं-जेवण माफ. पण त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि घड्याळ तर त्याला नव्हतंच.

"डॉक्टरकीला घेताना मार्क बघतात, नाखवा. कॉलेजचं घड्याळ नाही बघत," मास्तरांनी परोपरीनं सांगून पाहिलं होतं. "आत्ताच सगळं खर्चून बसलात, तर खरी डॉक्टरकी सुरू होईल तेव्हा होडी विकणार का?"

"फुकट मिळते ती मासळी कधी ताजी असते का, मास्तर?" नाखव्याचं उत्तर तयार असे.

खरी गोम निराळीच होती. निकाल लागला त्याच दिवशी त्यानं आगरदांड्याच्या धक्क्यावर, श्रीवर्धनच्या बाजारात, दिवेआगरच्या वाड्यांमधून दवंडी पिटल्यासारखं सांगून टाकलं होतं, की आमची राही घड्याळवाल्या कॉलेजात चालली. होड्यांवर नावं काढणाऱ्या येसाजीकडून नव्या पत्र्याच्या ट्रंकेवर सुबक अक्षरं रंगवून घेतली होती: कु. राही हरेश्वर, मुंबई. ती ट्रंक कित्येक दिवस ओटीवर मिरवत होती. येणारा-जाणारा वाचून जायचा. मग खारी हवा लागून गंजेल म्हणून ती शिडाच्या कापडाखाली आतल्या खोलीत गेली.

अशा माणसाला 'मला मुंबई नको' म्हणून सांगायचं कुणी? राहीनं दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी बोंबील उलटायला आईबरोबर बसली असताना ती म्हणाली,

"आये, मला डॉक्टर व्हायचंय. घड्याळ बघत बसायचं न्हाय. मला घाटावर जाऊ दे."

नीराबाईनं बोंबील उलटत नुसतं "हूं" केलं.

नंतर थोड्याच दिवसांत नाखवा आपण होऊन म्हणाला, देवाला कौल लावू. मुंबई असेल तर उजवी पाकळी पडेल, घाट असेल तर डावी. राहीला वाटलं, संपलं आता. देवसुद्धा बाबाच्याच ओळखीचा.

गुरवाचं गाऱ्हाणं घालून झालं. पाकळ्या काही हलेनात. समया फुरफुरल्या, मागं कुणीतरी खोकलं, बाहेर एक पोर रडून गप्प झालं, तरी पाकळ्या आपल्या जागी.

"देव इचार करतोय," म्हातारी बायजा म्हणाली. "त्यानं तरी कुठं कॉलेज बघितलंय."

लोक हसले. राहीचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात अगदी लहान पोरीसारखं म्हटलं, डावी दे रे, देवा. डावी दे.

"पडली!"

तिनं डोळे उघडले. देवाच्या पायाशी पाकळी होती. उजव्या खांद्यावरची जागा मोकळी होती, नुसता ओला डाग.

"उजवी! मुंबई!" देऊळभर गलका झाला. बायजानं राहीच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. नीराबाईनं मात्र नवऱ्याकडं बघितलं.

नाखवा हसत नव्हता. तो पाकळीकडं बघत होता. मग एकदा त्यानं खांबाशी उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं, आणि घसा खाकरला.

"थांबा. डावी पडली."

"नाखवा, उजवी हाय की ही," गुरव गोंधळून म्हणाला. "देवाची उजवी."

"माझी डावी हाय. इचारलं कुणी? मी. इथं उभा कोण हाय? मी. माझ्या डाव्या हाताला पडली. डावा म्हंजे घाट."

मास्तरांनी नाखव्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा मान डोलावली. गुरव क्षणभर डोकं खाजवत राहिला. मग त्यानं पाकळी उचलली आणि राहीच्या हातावर ठेवली.

"घे, बाय. देवाला काय, दोन्ही हात त्याचेच."

"जन्म गेला देवळात," बायजा म्हणाली, "आन् म्हातारपणी डावा-उजवा इसरला गो बाय हा नाखवा."

आता मात्र सगळं देऊळ खदाखदा हसलं. पोरंटोरंसुद्धा हसली. ज्याला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती, तो नाखवा मधोमध उभा राहून ते सगळं हसणं अंगावर घेत होता. राही हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. आनंद इतका झाला की काय करावं ते तिला कळेना, म्हणून ती पुन्हा एकदा देवाच्या पाया पडली.

घरी आल्यावर नीराबाई म्हणाली, "ट्रंक काढ बाहेर. कापडं भरायला घेऊ."

राही आतल्या खोलीत गेली. ट्रंकेवरच्या 'मुंबई'चं आता काय करायचं, येसाजीला बोलवावं लागेल, असं मनाशी म्हणत तिनं शिडाचं कापड ओढलं.

वर तिचं नाव तसंच होतं. खाली 'मुंबई'च्या जागी निळा पट्टा होता, त्यांच्या होडीच्या रंगाचा. येसाजीचा हात असा वाकडा नव्हता. पट्टा एका बाजूला जाड, एका बाजूला विरळ, आणि कडेला एक ओघळ.

कपड्यांना डाग पडेल म्हणून तिनं बेतानं त्यावर बोट टेकवलं. मग दाबून फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. ती नाखव्याची लेक होती. या दमट हवेत होडीचा तेलरंग वाळायला दोन-तीन दिवस लागतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कौल तर आज सकाळी लागला होता.

"आये, हा रंग कधी लावला गो?"

नीराबाई पातळाची घडी घालत होती. "होडीचा उरलेला," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचा?"

राही दारात आली. खाली पुळणीवर होडीभोवती माणसं जमली होती आणि मधून बाबाचा आवाज येत होता.

"अरे, ताजी मासळी घेऊन दारोदार हिंडावं लागत न्हाय. गिऱ्हाईक होडीपर्यंत येतं. आमच्या राहीला कॉलेजानं आपण होऊन बोलावलंय, आपण होऊन."

"ते ऱ्हाऊ दे, नाखवा," कुणीतरी म्हणालं. "तुझा उजवा हात कुठला, तेवढा दाखव."

हरेश्वर नाखव्यानं खुशीत डावा हात वर केला. माणसं हसली, आणि दारातून राहीनंही आपलं कोरडं बोट वर करून त्याला हाक मारली.