तक्त्यातली मुलं

माझी धाकटी जाऊ मला घरात ताई म्हणते आणि कॉलेजात मॅडम. मला दोन्ही ऐकवत नाही, कारण दोन्ही ती अगदी मनापासून म्हणते.

आम्ही दोघी एकाच वैद्यकीय महाविद्यालयात जनआरोग्य शिकवतो. त्यातला वंशसंहाराचा भाग चौदा वर्षं माझा होता. माणसांची कत्तल होते तेव्हा दवाखान्यांचं, पाण्याचं, लशींचं, जन्ममृत्यूच्या नोंदींचं काय होतं आणि त्यात डॉक्टरांचा हात कसा असतो, हे मी हातात खडू घेऊन शिकवलं. यंदा तो ऑनलाइन गेला आणि विभागप्रमुखांनी धाकटीला दिला. "तिला कॅमेऱ्यासमोर बोलता येतं," म्हणाले. म्हणजे मला येत नाही. माझ्या वाट्याला तपासणी आली. तिचा प्रत्येक धडा मी पाहायचा, सही करायची, मगच तो मुलांकडे जाणार. विषय कायमचा कोणाकडे, ते सत्र संपताना ठरणार होतं. मला तो परत हवा होता. लाज सोडून सांगते, दुसरं काही सुचत नव्हतं.

ती घरातूनच शिकवायची, माझ्या शेजारच्या खोलीत बसून. सासूबाई तिच्या दाराशी खुर्ची टाकून ऐकायच्या आणि मग मला येऊन सांगायच्या, "काय समजावून सांगते गं पोरगी. मलासुद्धा कळलं." मी काय शिकवते, हे त्यांनी चौदा वर्षांत एकदा विचारलं नव्हतं. कोण किती मिनिटं ऐकतो, ते संगणकावर दिसायचं. एकशेबारापैकी एकशेनऊ जण तिचा तास शेवटपर्यंत ऐकायचे. मी रोज तो आकडा बघायचे आणि रोज अंगाचा तिळपापड करून घ्यायचे. उरलेल्या तिघांवर माझा फार जीव होता.

पाचव्या धड्यात ती सापडली. एका जिल्ह्याचा तक्ता होता. कत्तलीआधी नोंदवहीत तीन हजार बालकं, त्यातल्या अठराशे तीस जणांना लस, म्हणजे एकसष्ट टक्के. कत्तलीनंतर दोन वर्षांनी त्र्याण्णव टक्के. खाली धाकटीने लिहिलं होतं, 'आरोग्यसेवा सावरली.' मला मिनिटभरात कळलं. लस मिळालेली मुलं जवळपास तेवढीच होती, अठराशे तेवीस. नोंदवहीतली एकूण मुलंच एक हजार चाळीसने कमी झाली होती. सेवा कसली सावरतेय, टोचायची राहिलेली मुलंच उरली नव्हती.

सांगायला कितीसा वेळ लागला असता? भिंतीवर टकटक केली असती तरी ती धावत आली असती. मी सही केली.

स्वाध्यायाचे कागद आले. 'सेवा सावरली,' 'सेवा उत्तम सावरली,' एकामागून एक. मी ते वाचत होते आणि मला बरं वाटत होतं. शेवटच्या तासाला विभागप्रमुख हजर राहणार होते. तेव्हा सगळ्यांसमोर, अगदी गोड आवाजात, मी चूक दाखवणार होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

पण त्या दिवशी माझ्याआधी एक मुलगी बोलली. तिचा कॅमेरा कायम बंद असायचा.

"मॅडम, लस घेतलेली मुलं तेवढीच आहेत. मग बाकीची गेली कुठे?"

धाकटीने तक्त्याकडे पाहिलं. मला पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता. ती रंगेहाथ पकडली गेल्यासारखी दिसेल असं मला वाटलं होतं. ती रडवेली झाली.

"मारली गेली," ती म्हणाली. "किंवा हाकलली. आणि मी त्याला सावरणं म्हटलं. तीन आठवडे तुम्हा सगळ्यांना तेच शिकवलं."

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "हा धडा तपासला कोणी होता?"

"ताईंनी, सर. पण चूक माझीच आहे." घाईत तिच्या तोंडून ताई निघून गेलं. "त्या आठवड्यात सासूबाईंना ताप होता, रात्रंदिवस त्याच त्यांचं बघत होत्या. नजरेतून सुटलं असेल."

ताप खरा होता. पण उशाशी धाकटीच बसायची, मी नव्हे.

त्या मुलीचं समाधान झालं नव्हतं. "सर, त्या कत्तलीच्या वेळीही असे कागद कोणीतरी तपासून पुढे पाठवत असेल ना? त्यांना दिसत नसेल का?"

"हे मोठ्या मॅडम सांगतील," विभागप्रमुख म्हणाले. "चौदा वर्षं शिकवलंय त्यांनी."

उत्तर मला तोंडपाठ होतं. वरून आलेला हुकूम, नोकरी, जिवाची भीती. मी माइक चालू केला.

"दिसतं," मी म्हणाले. "मला दिसलं होतं. सही करायच्या आधी."

मग त्या मुलीने चाचरत विचारलं, "मॅडम, कुणाची भीती होती का?"

"नाही. शेजारच्या खोलीतल्या बाईचं हसं व्हावं, एवढंच वाटत होतं."